हिरवा दिवा आणि माझा उजवा हात

माझ्याकडून एक मोठा घोळ झालाय, तो आज सांगूनच टाकतो. हसायचं तर खुशाल हसा. फक्त माझ्या शाळेतल्या पोरांपर्यंत जाऊ देऊ नका, मी त्यांना गणित शिकवतो.

आमचं गाव वसईचं, राजोडीच्या अलीकडे. चर्चच्या गायकवृंदात मी बावीस वर्षं गिटार वाजवतोय. साधी, लाकडी, पोकळ पोटाची. गेल्या वर्षी मोठा भाऊ कुवेतहून कायमचा परत आला आणि येताना माझ्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. लालभडक. शिवाय तिला एक दांडी. दांडी दाबली की तारा सैल होतात, सोडली की पुन्हा ताणतात, आणि सूर मस्त डुलतो. ट्रेमोलो म्हणतात त्याला. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या हातात अशी वस्तू द्यावी का, तुम्हीच सांगा.

मे महिन्यात आमच्या आळीत क्रुसाचा सण असतो. आळीतल्या क्रुसापाशी माळेची, म्हणजे रोझरीची, प्रार्थना होते, चणे वाटतात, मग गावातलीच मंडळी कार्यक्रम करतात. यंदा माझी मुलगी जोव्हिता पहिल्यांदाच एकटी गाणार होती. नुकतीच बारावी दिलेली. घरात दिवसभर गाते, पण चार माणसं समोर आली की हिचा आवाज गायब. तरी स्वतःहून नाव दिलं होतं तिने. आणि गिटारवर कोण, तर पप्पा. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पहिल्या दिवशी सरावाला बसलो. गिटारच्या डोक्याला चिमट्याचा ट्यूनर लावला. तार छेडायची, सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो, नसला की लाल. सहाही तारांना हिरवा दिवा घेतला आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला मी ऐटीत दांडी दाबली, सोडली, आणि पुढचा कॉर्ड असा काही वाजला की स्वयंपाकघरातून फिलोमिना, म्हणजे आमची बायको, बाहेर आली.

"काय पडलं?"

"काही नाही. सूर पडला."

पुन्हा ट्यूनर लावून बघितला. सगळ्या तारा उतरलेल्या. मी म्हटलं, सापडला चोर. दांडी दाबली की तारा परत जागेवर येत नाहीत.

मग मी काय काय केलं म्हणता? तारा नव्या घातल्या. तारा ज्या खाचांतून जातात तिथे शिसपेन्सिल घासली, म्हणजे त्या अडकायला नकोत. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा आवळल्या. मग खाऱ्या वाऱ्यावर संशय आला, तेव्हा ऐन मे महिन्यात खिडक्या बंद केल्या. पंखासुद्धा बंद. फिलोमिना म्हणाली, "हिच्या बारावीच्या परीक्षेलासुद्धा तुम्ही एवढे घामाघूम झाला नव्हतात." पण तारा लावल्या की हिरवा दिवा, आणि वाजवायला घेतलं की बेसूर. रोज हेच.

आता इथवर ठीक होतं हो. गिटारचा आणि माझा प्रश्न होता. पण शिक्षकाला दोष द्यायला कुणीतरी समोर बसलेलं लागतंच.

एक दिवस मी ठरवलं की दांडीला हातच लावायचा नाही. तारा लावल्या, सहा हिरवे दिवे, आणि सुरू केलं. तरी जमेना. म्हणजे दांडीचा दोष नाही, गिटारचा नाही. मग उरलं कोण?

"जोव्हिता, तू चढतेयस."

"मी?"

"मग कोण? हा बघ ट्यूनर. यंत्र खोटं बोलत नाही."

तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला घेतलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आज तू उतरलीस." तिसऱ्या दिवशी पुन्हा चढली. ती एकदाच हळूच म्हणाली, "पप्पा, मी तुमच्या गिटारला धरूनच गातेय." त्यावर मी तिला सुराबद्दल अर्धा तास व्याख्यान दिलं. ते आठवलं की अजून मान खाली जाते माझी. तिचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत होता, ते मला दिसत नव्हतं असं नाही. मला वाटत होतं, मेहनत घेतेय पोरगी.

शेवटी सणाला चार दिवस उरले तेव्हा मी गिटार बोळिंजला साळवींकडे नेली. साळवी म्हणजे आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून गिटारी दुरुस्त करणारा एक शांत माणूस. त्यांनी ती एक रात्र ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाले,

"सर, हिला काही झालेलं नाही. शंभर वेळा दांडी दाबली, सूर हलत नाही."

"मग घरी का उतरते?"

"घरी काय करता तुम्ही?"

"साळवी, तुमच्याकडे समुद्र लांब आहे. आमच्याकडे खारा वारा." मी अगदी शास्त्रीय बोलत होतो.

त्यांनी वाद घातला नाही. एक स्टूल पुढे केलं, मुद्दाम सगळ्या तारा सैल केल्या आणि म्हणाले, "माझ्यासमोर लावा."

मी बसलो. ट्यूनर लावला, पहिली तार छेडली, खुंटी पिळली. हिरवा दिवा. दुसरी. हिरवा दिवा. साळवी दिव्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

"सर, हा तळवा इथे का टेकवलाय?"

"कुठे?"

"ब्रिजवर. तारा खाली जिथे अडकवतात, त्या पट्टीवर."

मी बघितलं तर खरंच, माझा तळवा त्या पट्टीवर आरामात पसरला होता. मी म्हटलं, "आवाज होऊ नये म्हणून."

"कशाला होऊ नये?"

"प्रवचन चालू असतं ना."

साळवींनी बाल्कनीभर नजर फिरवली. "इथे कोण देतंय प्रवचन?"

काय आहे, चर्चमध्ये फादरांचं प्रवचन चालू असताना पुढच्या गीतासाठी गिटार लावून ठेवावी लागते. तार टणकन वाजली की फादर बोलता बोलता थांबतात आणि गायकवृंदाकडे बघतात. तेव्हा तळव्याने तारा दाबून, दबक्या आवाजात लावायच्या. बावीस वर्षं मी तसंच करत आलोय, आणि जुन्या गिटारला चालायचंही, कारण तिची पट्टी लाकडाला घट्ट चिकटवलेली.

"हिची पट्टी स्प्रिंगांवर तरंगते, सर," साळवी म्हणाले. "तुम्ही टेकलात की तारा ताणल्या जातात. त्या ताणावर तुम्ही हिरवा दिवा घेता. हात उचललात की सगळं खाली. आणि रोज हाताचा भार सारखा नसतो, म्हणून रोज वेगळं."

त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. मी तार छेडली. दिवा लाल.

परत येताना मला गिटारचं काहीच वाटत नव्हतं. चढतेस, उतरलीस, चढतेस, एवढंच कानात वाजत होतं. घरी पोचलो तर जोव्हिता ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. मी काही बोलायच्या आत फिलोमिना म्हणाली, "हिने नाव काढून घेतलं. सकाळीच सांगून आली."

मी स्टुलावर बसलो आणि जोव्हिताला सगळं सांगितलं. तळवा, प्रवचन, लाल दिवा, सगळं. म्हटलं, "चूक माझी होती, बाळा. तू सुरात होतीस."

"माहीत होतं मला," ती बोंबलावरची नजर न काढता म्हणाली. "मोबाईलवरच्या ट्रॅकबरोबर नीट जमायचं. तुमच्याबरोबर बसलं की बिघडायचं."

"मग माझ्याबरोबर कशाला बिघडवत होतीस?"

"तुम्ही खाली गेलात की मीपण खाली यायचे. तुम्हाला एकट्याला बेसूर कसं सोडायचं?"

मी तसाच उठून, पायात चप्पल घालून तिचं नाव परत द्यायला गेलो.

सणाच्या संध्याकाळी मी तारा लावल्या त्या तळवा अधांतरी धरून. आवाज क्रुसापर्यंत गेला, प्रार्थनेला जमलेल्या बायकांनी वळून बघितलं, जाऊ दे. जोव्हिता गायली. पहिल्या ओळीला आवाज जरा कापला, मग जो लागला तो लागला. दांडीला मी हात लावला नाही. माझे डोळे भरून आले होते, पुढचं दिसत नव्हतं.

गाणं संपल्यावर गावातले वडीलधारे एकेक करून माझा हात हातात घ्यायला लागले. "मास्तर, पोरीला काय सुरात तयार केलंत. कान तुमचाच आहे हो तिला."

जोव्हिता बाजूलाच उभी होती. मी ठरवलं, आज खरं बोलायचं, तेही सगळ्यांसमोर. म्हटलं, "नाही हो. मीच बेसूर होतो. तीन आठवडे हिला उगाच बोललो. ही माझ्यामुळे नाही, माझ्याशिवाय सुरात आहे."

मग एक म्हातारेबाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्यांना म्हणाले, "बघा. याला म्हणतात विनय."