वाळूखालचं पाणी

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना मी केनियाला गेलो. जळगावात ठिबकचा फिटर म्हणून लागलो आणि पुढे शेतकऱ्यांना शिकवणारा झालो. केनियाच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात काम करणाऱ्या एका संस्थेला तीन महिन्यांसाठी असा माणूस हवा होता.

संस्था चालवणाऱ्या बाई तिथल्याच, पूर्वी नर्स होत्या. राजधानीपासून तिथं पोचायला अख्खा दिवस लागला. शेवटचे दोन तास तर रस्ता असा नव्हताच. न राहवून मी विचारलं, "मॅडम, सोयीची गावं सोडून इथंच का?"

त्या मला नदीवर घेऊन गेल्या. नदी कसली, नुसती वाळू. बायका गुडघ्यांवर बसून खड्डे उकरत होत्या आणि तळाशी झिरपलेलं पाणी वाटीनं भरत होत्या.

"मी लसी घेऊन यायचे," बाई म्हणाल्या. "पोरांना जुलाब. मी औषध द्यायचे, ती पुन्हा हेच पाणी प्यायची. इथं दवाखान्याआधी विहीर पाहिजे, हे कळायला मला फार वर्षं लागली. डांबरी रस्त्याला लागून संस्था पुष्कळ आहेत, इथवर कोणी येत नाही. आणि पाणी आहे हो, वाळूखाली आहे."

धरणगाव तालुक्यातलं आमचं गाव गिरणेकाठचं. उन्हाळ्यात नदी आटली की आई पात्रात असाच झिरा उकरायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब जरासा, पानी ई ऱ्हायनं." येतंय पाणी, दम धर.

संस्थेनं काठावर पक्की विहीर बांधली होती. तिच्या पाण्यासाठी टाकी बसवून मी बायकांच्या गटासाठी टोमॅटो आणि पालेभाजीला ठिबक जोडलं. चौथ्या दिवशी सगळं बंद! जाळीचा फिल्टर होता, पण तिथली वाळू पिठासारखी बारीक. नळ्यांची तोंडं बुजली. इतक्या वर्षांचा अनुभव घेऊन मी त्या बायकांसमोर खाली मान घालून उभा होतो.

गटातली एक म्हातारी हसत काहीतरी म्हणाली. बाईंनी सांगितलं, "त्या विचारतायत, तुमच्या गावाला वाळू नाही का?"

"आहे की," मी म्हणालो.

म्हातारीनं कमरेचं जुनं फडकं सोडलं, चार घड्या घातल्या आणि टाकीच्या तोंडाशी घट्ट बांधलं. दिवसभर बसून आम्ही एकेक नळी धुतली. संध्याकाळी थेंब पडायला लागले तेव्हा ती माझ्या पाठीवर थाप मारून गेली. पुढं रोज दुपारी तिच्याच घरी जेवलो. ती मूग शिजवायची, अख्खे, नुसत्या मिठात. मला घरच्यासारखे लागायचे.

मागच्या महिन्यात बाईंचा निरोप आला. आणखी आत, दुसऱ्या गावात विहिरीला पाणी लागलं होतं. म्हातारी गेल्याचंही त्यातच होतं. फोन बायकोच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन अख्खे मूग शिजायला टाकले, नुसत्या मिठात.