चुलीवर तळहात

सूर्याजी भित्रा होता आणि जन्मभर भित्राच राहिला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तोफखान्यातला माणूस म्हटल्यावर तुम्ही भलतंच काहीतरी डोळ्यांपुढं आणाल. मिशा होत्या, नाही असं नाही. पण कुणी बिडी शिलगावली की त्या मिशांखालचे ओठ थरथरायचे. लहानपणी ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला गवती झोपड्यांची अख्खी ओळ पेटली होती, त्यात त्याची धाकटी बहीण गेली. पुढं तोफेशेजारी उभं राहून नोकरी केली खरी, पण ती भीती काही गेली नाही.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, पलटणींची छाटणी झाली आणि सूर्याजी बायकोला, विजयाबाईंना, घेऊन मुरारच्या पलीकडं पिपरौली गावात वडिलांच्या जमिनीवर येऊन राहिला. गाव सगळं गवताच्या छपरांचं. जेठातली लू, ती भाजून काढणारी वाऱ्याची झळ, सुटली की छपरं कुरकुरायची आणि हा वारा कुठल्या बाजूचा ते बघायला अंगणात यायचा. पूर्वी गाव जळालं तर दरबारातून लाकूड-गवत मिळायचं, असं म्हातारे सांगत. आता मागायचं कुणाकडं? राजा गेला होता आणि नवं सरकार धुळीच्या त्या वाटेनं अजून पिपरौलीपर्यंत पोचलं नव्हतं.

मग भित्र्यानं काय करावं? गावाच्या मागं हात धुऊन लागावं! होळी झाली की पाऊस येईपर्यंत ऊन चढायच्या आत घरोघरच्या चुली गार झाल्या पाहिजेत, असं त्यानं मुखियाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, गळी उतरवलं. दाराशी भरलेला माठ ठेवायला लावला. लांब बांबूंना लोखंडी आकडे बसवून घेतले. त्याचं म्हणणं असं, की पेटल्या घरावर पाणी ओतत बसू नका. वाऱ्याच्या वाटेवरचं एक घर सोडा आणि पुढच्या घराचं छप्पर ओढून काढा, म्हणजे आगीला पुढं खायला काही उरत नाही.

"चांगल्या घराचं छप्पर पाडायचं?" लोक हसले. "आणि घरवाला पाडू देईल?"

"द्यायलाच हवं. घर कुणाचंही असो," सूर्याजी म्हणाला. बोलून गेला बिचारा.

एका गोष्टीला मात्र बायकांनी साफ नकार दिला. भरल्या घरात चुलीवर पाणी ओतायचं? अभद्र! त्यात विजयाबाईच पुढं. "विस्तव राखेनं झाकू, पण पाणी ओतू देणार नाही," त्यांनी ठणकावलं. मग सूर्याजी रोज सकाळी घरोघर जाऊन राखेवर तळहात ठेवून बघायला लागला. शेजारच्या गोठ्यापलीकडची रामकली भौजी तर त्याला बघितलं की सुरूच व्हायची, "कक्का, जेठ में हाथ सेंकने आए हो?" बायका घुंगटात हसायच्या. पण त्याचा हात फिरायच्या आत चुली गार व्हायच्या, हेही तितकंच खरं.

त्या वर्षी त्यांची मुलगी शरयू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. अजून बारसंही झालं नव्हतं. बाळंतिणीला शेक हवा, बाळाला धुरी हवी, म्हणून विजयाबाईंनी खोलीत शेगडी पेटती ठेवली. सूर्याजीच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण बायकोपुढं काय बोलणार? लोटा घेऊन तो दिवसभर शेगडीपाशीच बसायला लागला. आणि गावातली फेरी राहिली ती राहिलीच.

एका दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. सूर्याजी धावत दारात आला. रामकलीचं छप्पर धडधडून पेटलं होतं. कक्का येत नाहीत म्हणून ह्या दिवसांत तिच्या राखेला कुणी हात लावला नव्हता. लू सरळ ह्याच बाजूला वाहत होती. मध्ये एक गोठा आणि मग ह्याचंच घर. लोक आकडे घेऊन धावत आले आणि त्याच्या दाराशी येऊन थांबले.

"जच्चा है भीतर!" बाळंतीण आत आहे म्हणून रामकली ओरडली. स्वतःचं घर जळत होतं तिचं, तरी ओरडली.

मुखिया हळूच म्हणाला, "कक्का, तुम्हारा छोड़ दें? अगला गिरा दें?"

हो म्हणायला सूर्याजीनं तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं. पण आपलं एवढं मोठं छप्पर पेटलं तर पुढचं पाडायला वेळ कुठला मिळणार? पुढं सगळी घरं एकमेकांना चिकटलेली. तेवढ्यात जळतं गवत उडून गोठ्यावर पडलं.

"नाही. हेच," तो म्हणाला आणि आत पळाला.

"बाबा, बाहेर लू आहे! बाळ जगायचं नाही हो!" शरयू रडायला लागली.

"ऊठ बाई," तो म्हणाला. "मला फार भीती वाटतेय. लवकर ऊठ."

बाप असं कधी बोललेला तिनं ऐकलं नव्हतं. ती उठली. रामकलीनं ओली ओढणी धरून मायलेकरांना लिंबाखाली नेलं. पहिला आकडा सूर्याजीनंच टाकला. आणि ओढला. मग सगळ्यांनीच ओढलं आणि छप्पर कडाकड मोडत आत बसलं.

तेव्हा त्याला आठवलं. शेगडी! पेटती शेगडी आत राहिली, आणि तिच्यावर सगळं वाळकं गवत पडलं. आता ह्याच घरातून धूर येणार आणि अख्खं गाव जाणार, ते नुसतं बघत तो उभा राहिला.

धूर आला नाही. मागच्या दाराकडून विजयाबाई आल्या, कोपरापर्यंत राखेनं माखलेल्या. हातात, छप्पर पडायच्या आत बाहेर काढलेली शेगडी.

"ओतलं पाणी," त्या म्हणाल्या. आणि तिथंच त्यांना रडू फुटलं. "बाळंतिणीच्या शेगडीवर पाणी ओतलं हो मी! माझ्या नातवाचं आता कसं व्हायचं?"

आगीनं गोठा खाल्ला, उघड्या भिंतींपर्यंत आली आणि तिथं बसली. सूर्याजीचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यानं सवयीनं शेगडीवर तळहात ठेवला. गार होती. तो विजयाबाईंच्या शेजारी धुळीत बसला आणि दोघंही लिंबाकडं बघत राहिले. तिथून बाळाचं काहीच ऐकू येत नव्हतं.

मग ओढणीखालून बाळानं जोरात भोकाड पसरलं. शरयू त्याला गप्प करायला गेली, तर विजयाबाई ओरडल्या, "रडू दे गं! रडू दे त्याला!"