शेजारच्या खाटेवरचे पोस्टमन

रंगारी आयुष्यभर शिड्यांवर चढला, पण धाप कधी लागली नव्हती. त्या दिवशी मात्र छातीत कळ आली, हात बधिर झाला. सोबत काम करणाऱ्या मेहुण्याने त्याला खाली उतरवून थेट दवाखाना गाठला, म्हणून तो वाचला.

तिथे शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. तेही हृदयाचेच रुग्ण. "आपल्या दोघांची पत्रं चुकून यमाच्या पत्त्यावर गेली होती, त्याने शेरा मारून परत पाठवली," म्हणत ते हसायचे. एका दुपारी, हसता हसताच, त्यांच्या छातीला जोडलेलं यंत्र एकसुरी वाजू लागलं. परिचारिकेने सर्रकन पडदा ओढला. तो पडदा पुन्हा उघडला तेव्हा खाटेवर नवी चादर होती.

रंगारी घरी आल्यावर बायकोने पथ्यात कसूर केली नाही. गोळ्या वेळेवर, जेवण अळणी, विडी बंद. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. रंगारी मात्र खुर्चीला खिळून बसला. घरात सामसूम झाली की त्याला पडदा ओढल्याचा आवाज येई. मग तो आपलीच नाडी चाचपत बसे. बायकोला वाटे, मिठावरून रुसलेत.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण बायको म्हणाली, हे खुर्चीतून हलतच नाहीत. तेव्हा परिचारिकेने विचारलं, चालत का नाही?

रंगारी आपली नाडी चाचपू लागला. मग म्हणाला, "ते पोस्टमन गेले, आणि मी राहिलो. आता माझी पाळी, असं सारखं वाटतं."

"मला का नाही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"तू घाबरशील म्हणून."

"मी काय निवांत आहे? तुम्ही झोपलात की श्वास चालू आहे का, ते बघत बसते."

परिचारिका म्हणाली, ही भीतीही या दुखण्यातलीच. ती मनात कोंडू नका, आणि वाढली तर मला येऊन सांगा. दुसऱ्या दिवसापासून नवराबायको मिळून गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागली. पुढे बागेपर्यंत.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रंगारी कामावर परतला. उंचावरचं काम आता मेहुणा करतो, खालच्या भिंती याच्याकडे. कधी रंगवता रंगवता त्याचा ब्रश थांबतो.

"पोस्टमन आलेत का?" मेहुणा वरून विचारतो.

"आलेत," रंगारी म्हणतो.

मेहुणा खाली उतरून त्याच्याशेजारी बसतो. थोड्या वेळाने दोघं पुन्हा कामाला लागतात.