व्यंकटरावांच्या जीपचा काटा

व्यंकटरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मला दिसलेच नाहीत. कंधारच्या स्टँडाबाहेर एक जीप येऊन थांबली. माझ्या मोजणीप्रमाणे तिच्यात तेवीस माणसं, दोन शेळ्या आणि टपावर लग्नाचं अख्खं कपाट होतं. फक्त ड्रायव्हर नव्हता. मी शाळेवर रुजू व्हायला आलेला नवखा माणूस. ड्रायव्हर कधी येणार, असं मी पुढच्या शेळीवाल्याला विचारलं. तेव्हा त्याच्या काखेखालून एक हात निघाला, त्याने गिअर टाकला आणि आत कुठूनतरी आवाज आला, "बसा सर, रिकामीच हाय."

कंधार ते लोहा हा त्यांचा बावीस वर्षांचा रस्ता, आणि काळजी करणं हा जोडधंदा. टायरची काळजी, स्प्रिंगचा पाटा तुटण्याची काळजी, सरजाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या गुडघ्याची काळजी. पण सगळ्यांत मोठी काळजी डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या काट्याची. बाकीचे ड्रायव्हर रस्त्याकडे बघतात, व्यंकटराव काट्याकडे बघत. काटा अधिककडे असला की ते गप्पा मारत. मध्यावर आला की गप्प होत. उण्याकडे झुकला की माळेगावच्या खंडोबाला हाक जाई आणि गाडीतली निम्मी माणसं आपापल्या देवाचं नाव घेऊ लागत.

मागच्या मार्चात जीपचं आरटीओचं पासिंग आलं. गाडी जुनी. ठरलेली तारीख हुकली तर कागदांची मुदत संपणार, आणि मुदत संपलेली गाडी सरकार थेट भंगारात घालतं, अशी त्यांची पक्की समजूत. ती गेली की घर बसलं. महिनाभर ते नीट जेवले नाहीत. जीप रंगवायला टाकली तेव्हा पेंटरला बजावलं होतं की खालून-वरून, आतून-बाहेरून बोटाएवढी जागा सुटता कामा नये. पेंटर शब्दाला जागणारा निघाला. जीप निळीशार झाली.

नांदेडला बाराची वेळ मिळाली होती. कागद इंग्रजीत, म्हणून त्यांनी मला जोडीला घेतलं. आठला निघालो. लोहा जवळ आलं आणि काटा उण्याकडे कलला. चार दिवस तो असाच करत होता, हे त्यांनी तेव्हा कबूल केलं. हॉर्न वाजवला तर सर्दी झालेल्या बोकडासारखा आवाज. गाडी तशीच धम्मानंदच्या दुकानापुढे नेली.

धम्मानंद लोह्यातला गाड्यांचा वायरमन. चष्मा दोरीने गळ्यात, आणि घाई हा शब्द त्याने फक्त ट्रकच्या मागे वाचलेला. तो समोर चहा पीत होता. व्यंकटरावांना तेवढा दम निघेना. त्यांनी बॉनेट उघडलं, चालू इंजिनावरच बॅटरीचं टर्मिनल उपसलं, आणि इंजिन चालूच राहिलं तेव्हा महिन्यात पहिल्यांदा हसले. डायनामो ठीक आहे. त्यांच्या उस्तादाने तीस वर्षांपूर्वी ही परीक्षा शिकवली होती.

धम्मानंद कप टाकून पळत आला आणि त्याने टर्मिनल परत बसवलं.

"डिझेल इंजिन हाय मामा. बॅटरी काढून नांदेडला ठिवली तरी चालून राहातंय. अन् डायनामोचा जमाना कवाच गेला, हा आल्टरनेटर हाय. असं उपसलं की ह्याच्या आतलं जळून जातंय."

"जळालं का मग?" व्यंकटरावांनी विचारलं. आवाज त्या हॉर्नपेक्षा बारीक होता.

"बघू द्या."

बघणं सुरू झालं. साडेनऊ वाजले होते. त्याने इंजिन बंद करायला लावून पट्टा अंगठ्याने दाबला. ताठ होता. गाडी पुन्हा उठेना, म्हणून धक्का मारला. मग पान्हा-पेट्या सोडून त्याने नुसता स्क्रू-ड्रायव्हर आल्टरनेटरच्या पाठीला नेला. तो चुंबकाला चिकटावा तसा चिकटला. म्हणजे जीव आहे. मग मीटर लावलं. आल्टरनेटरवर चौदा व्होल्ट, बॅटरीवर बाराही नाहीत.

"करंट तयार होऊन राहिलाय," तो म्हणाला. "बॅटरीपस्तोर येईना."

तेवढ्यात सरजाबाईंचा फोन आला. व्यंकटरावांनी नांदेडला पोचल्याचं सांगून टाकलं आणि खोटं बोलल्याची वेगळी काळजी सुरू केली.

अधिकची वायर चांगली निघाली. धम्मानंदने पुन्हा इंजिन बंद करायला सांगितलं. व्यंकटराव ऐकेनात, पुन्हा धक्का कोण मारणार, बारा वाजले तर कोण जबाबदार. शेवटी मीच बंद केलं. त्याने अ‍ॅक्सिलेटरची तार चिमटीत धरली आणि मला सेल्फ मारायला लावलं. कर्र झालं, आणि त्याने हात झटकला. तार तापली होती.

इंजिनातून करंटाला परतायला चेसीसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक जाड पट्टी असते, अर्थिंगची. ती वाट बंद, म्हणून करंट तारेतून जात होता. दार लागलं की तुमची सीटं खिडकीतून चढतात तसा, असं त्याने व्यंकटरावांना समजावलं. मग तो गाडीखाली शिरला. पेंटरने पट्टी सोडून तिच्याखालीही दोन हात रंग दिला होता आणि रंगावरच बोल्ट आवळला होता. बोटाएवढीही जागा सुटली नव्हती.

धम्मानंदने पॉलिश पेपर मागितला. व्यंकटराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"खरवडू नको बाबा. सायबानं बघितलं तर?"

"सायेब गाडीखाली झोपणार हाय का?"

"झोपला तर?"

"मग रंग ठिवा अन् लाईट सोडा."

सव्वादहा झाले होते. व्यंकटराव उठले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पोराला सुई टोचताना बाप म्हणतो तसं म्हणाले, "कर."

चकचकीत लोखंड दिसेपर्यंत त्याने घासलं, पट्टी आवळली. अर्धमेल्या बॅटरीवरसुद्धा सेल्फ एका दमात लागला. काटा हळूहळू अधिककडे गेला. व्यंकटरावांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. लाईट, वायपर, हॉर्न, सगळं एकदम लावून पाहिलं. काटा ढळला नाही. तरी नांदेडपर्यंत ते काट्याकडे आणि मी रस्त्याकडे बघत होतो, आणि पासिंगच्या रांगेत पाऊण तास त्यांनी इंजिन बंद केलं नाही. साहेबांनी लाईट पाहिले, हॉर्न ऐकला. खाली कुणी वाकलं नाही.

जीप पास झाली. दिवाळीपर्यंत घरोघर मोटारसायकली झाल्या आणि लोह्याला जायला दिवसाला चार सीटं मिळेनात. व्यंकटरावांनी ती रेणापूरच्या एका वीटभट्टीवाल्याला विकली.