पांढऱ्या साटिनची पर्स

माझी पोर गेली त्याला आठ महिने होत आले होते आणि मी रडले नव्हते. आर्णीत आमच्या गल्लीत हा चर्चेचाच विषय झाला होता. पहिल्या दिवशी बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. "इले रडवा वो कोणीतरी, नाही तर डोक्यावर परिणाम होईन," माझी मोठी जाऊ माझ्यासमोरच म्हणाली, मी म्हणजे जशी भिंतच. रडवून पाहिलंही त्यांनी. तिचा फोटो पुढे धरला, तिचे कपडे हातात दिले. मी कपड्यांच्या घड्या करून ठेवल्या. काही वाटतच नव्हतं, तर काय करू? सोंग आणू? स्वयंपाक करत होते, जेवत होते, झोपही लागत होती. कधी कधी मात्र मलाच माझी भीती वाटायची, की ही बाई आता अशीच राहणार.

शिवणाचं मशीन तेवढं बंद होतं. बाया ब्लाऊजचं कापड घेऊन यायच्या, दाराशी घुटमळायच्या आणि पुढच्या गल्लीतल्या टेलरकडे निघून जायच्या. माझ्याकडे यायचं म्हणजे पोरीविषयी काहीतरी बोलावं लागेल, ह्याचाच त्यांना धाक. पहिले दिवस सरल्यावर एकीनेही माझ्यापुढे तिचा विषय काढला नाही. ताप आला नि चार दिवसांत गेली. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

मग एका दुपारी शेजारची पोरगी आली. ही माझ्या पोरीची बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच स्कूटीवर कॉलेजात जायच्या. हिचं लग्न ठरलं होतं, आणि भिंतीला भिंत लागून असूनही मला ते तिसऱ्याच बाईकडून कळलं होतं. पोरगी उंबऱ्यातच बसली आणि खाली पाहत म्हणाली, "काकू, रिसेप्शनसाठी पर्स पायजे. फूल लावलेली. बाजारातली नको. तुम्हीच शिवा."

"रंग कोणता?"

"तुमच्या मनानं करा."

इथेच माझं चुकलं. खोदून विचारायला पाहिजे होतं. पण लग्नाची पर्स म्हटल्याबरोबर माझे हात सरळ लोखंडी पेटीतल्या पांढऱ्या साटिनवर गेले. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. माझी आई नेसली, मी नेसले. माझ्या पोरीचंही लग्न ठरलं होतं. साडी सोयऱ्यांनी घेतली होती, ती मी नंतर परत पाठवून दिली. तिच्या पर्सचं कापड आमचं होतं, ते पेटीत राहिलं. वीस वर्षं मी ह्या शेजाऱ्यांच्या मांडवात जेवले आहे. त्यांच्यात पांढरं नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर असतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? डोकंच चालत नव्हतं. हातांना नवरी म्हणजे पांढरं, एवढंच ठाऊक.

साटिन मोठं घसरडं कापड, नवशिकीला रडवतं. मला काय रडवणार! आतून जाड बकरम लावलं म्हणजे पर्स ताठ उभी राहते. मोबाइल नि रुमाल ठेवून माप पाहिलं, अस्तर घातलं, वर दाबाचं बटन लावलं. मग फूल. त्यासाठी मोठ्यापासून लहानापर्यंत आठ गोल कापले आणि मेणबत्ती पेटवली. कापडाची कड ज्योतीजवळ नेली की ती आपोआप आत वळते, पाकळी होते. जरा जास्त जवळ गेली की काळी पडते आणि तो गोल वाया. माझे दोन वाया गेले. अंगठ्याला चटका बसला, तोही मला फोड आल्यावर कळला. गोल एकावर एक ठेवून टाचले, मधोमध मोती शिवले. फूल सुरेख झालं होतं. मला ते दिसत होतं, पण बरं वगैरे काही वाटलं नाही.

पर्स वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतः नेऊन दिली. शेजारीण, म्हणजे पोरीची आई, चार पाहुण्या बायांसोबत गहू निवडत बसली होती. तिने कागद उलगडला.

"अवो माय! पांढरी?" ती म्हणाली. "लग्नाच्या पोरीच्या हातात पांढरं? असा अपशकुन कायले करून राह्यल्या वो तुम्ही..."

आणि थांबली. आपण कोणाशी बोलतो आहोत ते तिच्या ध्यानात आलं असावं. तिने तोंडावर हात ठेवला. पाहुण्या बायाही गहू सोडून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खरं म्हणजे भांडायला एक नंबरची. आधीची मी असते तर म्हटलं असतं, तुमचं पांढरं तुमच्यापाशी ठेवा, आमचं आमच्यापाशी, आणि वरून आणखी चार शब्द सुनावले असते. पण राग आलाच नाही. "चुकलं माझं. दुसरी आणून देतो," म्हटलं, पर्स उचलली आणि घरी आले.

दुसरी मरून रंगाच्या मखमलीची केली. मखमलीचं फूल मला कधीच आवडलं नाही, भज्यासारखं दिसतं. तरी टाके नीट घातले. हौस नसली म्हणून काम वेडंवाकडं करायची मला सवय नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारीण ती न्यायला आली. लग्नघरच्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते, घ्यावी पर्स नि जावं. ही बसली. मखमलीची पर्स मांडीवर ठेवली, तिच्याकडे धड पाहिलंही नाही. पांढरी मशीनवरच पडून होती. ती उचलून तिने फुलावरून बोट फिरवलं.

"हे तुमच्या पोरीच्या पर्सचं कापड न?"

"कोणी सांगितलं?"

"माझ्या पोरीनं. कापड घ्यायले गेल्या तवा ती होती न तुमच्यासंग. मी तुमाले काय बोलली ते आयकून दोन दिवस जेवली नाही ती."

मी मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले.

"कशी दिसली असती वो ती, पांढऱ्या साडीत?" शेजारणीने विचारलं.

आठ महिन्यांत असं काही मला कोणी विचारलं नव्हतं. आधी मला राग आला. चांगला कानशिलं तापेपर्यंत आला. ही कोण विचारणारी? आणि तिला हाकलायला तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"काळी होती न माझी पोर," मी म्हणाले. "मी म्हटलं, क्रीम कलर घे, पांढऱ्यात आणखीन काळी दिसशीन. तर म्हणे, दिसू दे, नवरा का आंधळा हाय? चांगली दिसली असती वो. लय चांगली दिसली असती."

"हो न," शेजारीण म्हणाली.

"मेली वो माझी पोर."

तोवर मी 'गेली' म्हणत होते. हा शब्द तोंडातून निघाला आणि पोटातून जे वर आलं ते मला आवरलं नाही. मी हंबरडा फोडला. शेजारी मांडवाचे खांब ठोकत होते, ती ठोकठोक बंद पडली. लग्नघराला लागून असं रडू नये, हे आमच्यातही पाळतात आणि त्यांच्यात तर पाळतातच. रडता रडता मीच तिला दाराकडे ढकलायला लागले. "जा वो तुम्ही. अपशकुन होईन तुमच्या पोरीले."

ती हलली नाही. मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आणि म्हणाली, "होऊ दे. रड तू."