समितीतल्या टेलरबाई

रुग्णालयाच्या नीतिसमितीत सात शिकलेली माणसं आणि एक साधं माणूस हवं, असा नियम होता. ते साधं माणूस म्हणजे कपडे शिवणाऱ्या टेलरबाई. सहा वर्षं त्या बैठकीत फारसं बोलल्या नाहीत, पण कागद अक्षर न् अक्षर वाचायच्या.

त्या खेपेला दृष्टी जात चाललेल्या मुलांच्या डोळ्यांत मूळपेशी सोडायचा प्रयोग होता. संमतीपत्र चौदा पानांचं. उरलीसुरली नजरही जाऊ शकते, हे अकराव्या पानावर, बारीक अक्षरांत.

"आईबापांना हे कळायचं नाही," टेलरबाई म्हणाल्या. "मला तीनदा वाचून कळलं."

डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, बाई हटल्या नाहीत. शेवटी पत्र सोपं करा, लोकांची सभा घ्या, मग पाहू, असं ठरलं. त्यात आठ महिने गेले.

बाईंच्या दुकानासमोर कुलूपवाला बसायचा. त्याच्या दहा वर्षांच्या लेकीचं नाव त्याच प्रयोगाच्या यादीत होतं. बाईंना हे ठाऊक नव्हतं. कुलूपवाल्याला इतके महिने थांबवेना, तो पोरीला घेऊन दुसरीकडे गेला. परगावच्या एका दवाखान्यानं परवानगी-बिरवानगी न घेता पोटाच्या चरबीतल्या पेशी पोरीच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. महिन्याभरात तिला दिसायचं बंद झालं.

एका दुपारी तो तिचा फ्रॉक घेऊन आला. "बटणं काढून इलास्टिक लावा. तिला सापडत नाहीत." मग म्हणाला, "मोठ्या रुग्णालयात नंबर लागला होता हो. कुणा शहाण्यानं अडवलं म्हणे."

टेलरबाईंनी कात्री खाली ठेवली. "ती शहाणी मीच."

बाईंनी अकरावं पान, बारीक अक्षरं, सगळं सांगितलं.

"चूक नव्हतं तुमचं," तो म्हणाला. "पण आम्हाला कुणी विचारलं का? मी तर रोज समोरच होतो."

फ्रॉक टेबलावर टाकून तो गेला.

पुढे सभा झाली. नवं चार पानी पत्र बाईंनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आयांनी प्रश्न विचारले, डॉक्टरांनी नीट उत्तरं दिली, प्रयोग सुरू झाला. कुलूपवाला सभेला आला नाही. फ्रॉक त्याच्या बायकोनं नेला. समोरासमोरची दोन्ही दुकानं अजून रोज उघडतात. बाई समितीवर आहेत, पण मत द्यायची वेळ आली की आधी विचारतात, "यादीतल्या आईबापांना कुणी विचारलं का?"