डिकीत वितळलेलं खोबरेल

हेमाला मी सांगून सांगून थकले की डेमो लेसनला सरळ पीपीटी दाखव आणि मोकळी हो. पण ऐकेल तर ती हेमा कसली! "वीणा, फॅट स्लाइडवर कळत नाही गं," म्हणे. बाईसाहेब बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सी. लग्नाआधी पुण्यात कॉलेजात शिकवायच्या. मग नवऱ्याची, निखिलची, दुबईची नोकरी, मिहिकाचा जन्म, अल बर्शाचा फ्लॅट, आणि शिकवणं राहिलं ते राहिलंच. मी हिंदी शिकवते त्या शाळेत नववीच्या बायोलॉजीची जागा निघाली, तेव्हा मीच तिचं नाव पुढे केलं. सायन्सच्या हेड माहनूर मॅम म्हणाल्या, गॅप फार मोठी आहे, पण वर्गावर बघू. एकच तास. तो फसला तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे हेमाला पक्कं ठाऊक होतं.

हिचा बेत काय, तर घरच्या बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली न्यायची. आपल्याकडे खोबरेल थंडीत गोठतं, इथे ऐन उन्हाळ्यात, कारण घरात चोवीस तास एसी. शेजारी सूर्यफुलाचं पातळ तेल ठेवायचं आणि मुलांना विचारायचं, दोन्ही तेलंच, मग एकच का गोठलं?

बेत चांगला होता. फक्त बाटल्यांची पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत राहिली, आणि आम्ही ऑफिसात एचआरशी बोलत बसलो. तासाच्या आधी डिकी उघडली, तर दोन्ही बाटल्यांत तेल सारखंच पाण्यासारखं पातळ. हेमाचा चेहरा एवढासा झाला. मला असा संताप आला त्या उन्हाचा!

"खलास," मी म्हटलं. "आता तरी पीपीटी लाव."

"कँटीनमधून बर्फ आण आणि दोन वाट्या," ती म्हणाली.

आणलं. काय करणार? मागच्या बाकावर माहनूर मॅमच्या शेजारी जाऊन बसले. हेमाने दोन्ही तेलं वाट्यांत ओतून बर्फावर ठेवली आणि पहिल्या रांगेतल्या मुलांना फळ्यापाशी उभं केलं. हात खाली, खांद्याला खांदा. हे खोबरेल, ती म्हणाली. याच्या रेणूंच्या साखळ्या सरळ, म्हणून थंडीत चिकटून बसतात आणि तेल घट्ट होतं. मग सगळ्यांना कमरेवर हात ठेवायला लावले. आता सरका जवळ! कोपरं बरगड्यांत घुसली, वर्ग हसून लोटपोट. हे सूर्यफूल. साखळीला बाक आहे, दाटी होतच नाही.

एव्हाना खोबरेल पांढरं व्हायला लागलं होतं. मागची मुलं बाकावर चढून बघत होती. हेमाने आणखी एक रांग बोलावली आणि दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. तुमच्या प्रत्येक पेशीभोवती अशी भिंत असते, ती म्हणाली. रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, पाण्यापासून लपलेल्या. या शेपट्या म्हणजे त्याच साखळ्या.

तेवढ्यात रांगेतला रोनित म्हणाला, "बट मॅम, थंड समुद्रातले फिश? देअर सेल्स शुड गेट हार्ड, राइट?"

माहनूर मॅमचं पेन थांबलं. मी हिंदीची बाई, मला एसीत घाम फुटला. हेमाच्या चेहऱ्यावर मात्र असं हसू आलं की तसं लग्नाच्या अल्बमातही मी पाहिलं नव्हतं.

"यू टेल मी. तू तो मासा असतास, तर कुठली साखळी घेतली असतीस?"

रोनितने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच एक हात कमरेवर ठेवला.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. मासे अगदी हेच करतात, हेमा म्हणाली, थंडीत बाकदार साखळ्या वाढवतात. बेल झाली तरी पोरं हलेनात.

कॉरिडॉरमध्ये माहनूर मॅम एवढंच म्हणाल्या, "मंडे से आ जाइए."

हेमाने गाडीत बसून आधी पट्टा लावला. मग निखिलला फोन लावला. त्याने काय झालं विचारलं असणार.

"ऐक," ती म्हणाली, "सोमवारपासून सकाळचे डबे तू करायचेस. तुझा, मिहिकाचा आणि माझा."